पेवात सोडलेला दिवा

पूर्वी पोतली नगरात अश्मकांचा राजा राज्य करीत असताना, नगरापासून दिवसभराच्या वाटेवर असलेल्या एका गावी, धान्याच्या व्यापाऱ्याच्या कुळात बोधिसत्त्व जन्मला होता. त्याचे नाव वसुगुप्त. ही गोष्ट घडली तेव्हा त्याचे केस पिकले होते, बायको वारली होती, आणि घरात एक कारभारी, थोडे गडी आणि ओसरीभर मांजरे होती. गावचे लोक त्याला वसुशेट म्हणत. लेकीसुना आजोबा म्हणत.

गाव उंच पांढरीवर वसलेले होते. पांढरीची माती कोरडी आणि घट्ट, म्हणून तिथे पेवे चांगली टिकत. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले कोठार. त्याचे तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे आणि पोट घागरीसारखे फुगलेले. आतून शेणमातीने लिंपायचे, कडब्याचा थर द्यायचा, ज्वारी भरायची, वर शिळा ठेवून माती लोटायची. मग उंदराची भीती नाही, चोराची नाही, आगीची नाही. सगळ्या गावाची ज्वारी अशा एकाच मोठ्या पेवात असे. त्याला गावपेव म्हणत.

पण गावपेवाची एक गोष्ट लोक आवाज उतरवून सांगत. ते माणूस घेत असे. दर वर्षी नाही, पण मधूनच एखाद्या वर्षी, पेव उघडल्यावर पहिला उतरलेला माणूस आत जाई तो जाईच. हाक मारली तर ओ येत नसे. त्याला काढायला दुसरा उतरला तर तोही तिथेच बसे. लोक म्हणत, पेवाच्या तळाशी जोगणी राहते, तिला भूक लागली की ती माणूस ठेवून घेते. म्हणून पहिले कोणी उतरायचे याची घरोघर पाळी लावली होती. कोणावर अन्याय नको.

त्या वर्षीची पाळी नंदकाच्या घरावर आली.

नंदकाच्या बायकोचे नाव उत्पला. तिच्या कडेवर मुक्ता नावाची लेक होती, नुकतीच धरून उभी राहायला लागलेली. उत्पलाचा स्वभाव काळजीचा. त्यातून ती फार चौकस. दूध उतू गेले तर आधी ते कोणत्या बाजूने उतू गेले हे ती वाकून बघे, मग पुसायला घेई. सासरी आल्यावर तिला कळले होते की मागच्या पाळीला नंदकाचा थोरला भाऊ सुदास पेवात उतरला होता आणि परत आला नव्हता. सासू भद्रा त्याचे नाव घेत नसे. पेव उघडायच्या दिवशी ती सगळ्यांना वाढी आणि स्वतः पाण्यावर राही.

ज्या घराची पाळी, त्या घरी पेवाचा दिवा येई. पितळेचा, जड, वर कडी असलेला. कडीला ओवलेला एक सुताचा दोर होता, जुना पण मजबूत. पेव उघडले की तोंडाशी तांदळाची रास घालून त्यावर हा दिवा ठेवत, दोर सापाच्या वेटोळ्यासारखा भोवती मांडत, दिव्याला आणि दोराला हळदकुंकू वाहत, ओवाळत, आणि मग पाळीचा माणूस उतरे.

उत्पला चिंच लावून दिवा घासत होती. घासता घासता तिने दोर उलगडून पाहिला. तो घराच्या एका टोकाला जाऊन परत आला तरी उरला.

"आत्याबाई, दिव्याला एवढा दोर कशाला?"

"पेवाचा दिवा आहे तो."

"ते झालं. पण दोर?"

"दोरही पेवाचाच."

"पण त्याचा उपयोग काय?"

"पूजेच्या दोराला उपयोग असतो का कुठं? घास नीट. कडीपाशी काळं राहिलंय."

उत्पलाने कडी घासली, पण दोर तिच्या डोक्यातून गेला नाही.

नदीवर धुणे धुताना तिने शेजारणीपाशी, चित्रेपाशी, मन मोकळे केले. चित्रा म्हणाली, "वसुशेटांची पण पेवं आहेत की याच पांढरीत. त्यांच्यात कधी माणूस गेलेला ऐकलास? म्हातारा मंत्र जाणतो. पेवाच्या तोंडाशी बसून पुटपुटत असतो म्हणे."

"मग गावाला का नाही देत तो मंत्र?"

"व्यापारी मंत्र देईल होय? दिला तर मापाने देईल, आणि मापाला अंगठा आत घालून."

बाया हसल्या. उत्पलाही हसली, पण दुसऱ्या दिवशी ती मुक्ताला घेऊन वसुगुप्ताच्या वाड्यात धान्य निवडायच्या कामाला गेली. मंत्र कसा असतो, कोणत्या देवाचा असतो, मोठा असतो की छोटा, हे तिला बघायचे होते. मोठा असला तर नंदकाला पाठ होणार नाही याचीही तिला काळजी होती.

अंगणात बसून सूप हलवता हलवता ती म्हाताऱ्यावर नजर ठेवू लागली, आणि तिला गंमत वाटू लागली. त्याच्या सवयी भलत्याच होत्या. जळणाच्या राशीत हात घालण्याआधी तो काठी आपटी. पायताण घालण्याआधी झटकी. तांब्यातले पाणी बघून मगच पिई. चुलीतला विस्तव राखेखाली दाबी, त्यावर परळ पालथा घाली, आणि घराबाहेर पडताना एकदा वळून पाही. त्याचे धान्यही एका जागी नव्हते. थोडे उत्तरेच्या पेवात, थोडे चैत्यामागच्या, थोडे पार वेशीपलीकडच्या, आणि खायचे तेवढे घरात कणगीत. पोतलीला पोती पाठवायची तर तो सगळी एका नावेत कधी चढवत नसे. अर्धी आज, उरलेली ती नाव सुखरूप पोचल्याचा निरोप आल्यावर.

कारभारी लोहक कुरकुरे. "एक पेव केलं असतं तर एकदा शिळा उचलून भागलं असतं. इथं चारी दिशांना पाय तुडवायचे. बरं, आजवर एक तरी नाव बुडाली का?"

"नाही बुडाली," बोधिसत्त्व म्हणाला. "बरं झालं."

उत्पलाला वाटले, आपल्याहून भित्रा माणूस या गावात आहे तर. तिला थोडे बरे वाटले. पण मग तिने पाहिले की म्हातारा भित्र्यासारखा वागत नाही. विस्तव झाकला की तो विसरून जाई. दुपारी ओसरीवर आडवा झाला की लगेच घोरू लागे आणि मांजरे त्याच्या पोटावर बसत.

एके दिवशी चुलीच्या कट्ट्याच्या काठावर कढत पेजेचे भांडे होते. मुक्ता कट्टा धरून उभी राहायला बघत होती. बोधिसत्त्व बाजूने जात होता. जाता जाता त्याने भांडे भिंतीकडे सरकवले आणि पुढे गेला. थांबला नाही, बोलला नाही. उत्पला सूप हातात धरून बसून राहिली. सकाळपासून तिने लेकीला "भाजशील गं, पडशील गं" म्हणून हाका मारून घसा कोरडा केला होता, आणि भांडे मात्र काठावरच होते.

तो परत आला तेव्हा तिने धीर करून विचारले, "आजोबा, तुम्हांला भीती वाटते का हो?"

"वाटते ना. पण मी तिला काम सांगतो. रिकामी बसली की ती डोकं खाते."

हे उत्तर तिला आवडले, पण मंत्र तो नव्हता. ती वाट बघत राहिली.

मग वसुगुप्ताचे चैत्यामागचे पेव उघडायचा दिवस आला. गड्यांनी माती ओढली, शिळा पहारीने सरकवली, आणि सगळे एकदम मागे झाले, वाऱ्याच्या वरच्या बाजूला. आतून शिळ्या, उबट वासाचा एक झोत आला. बोधिसत्त्व लिंबाखाली बसून सुंभ वळू लागला. आणि खरेच तो पुटपुटू लागला. उत्पला लेकीला छातीशी धरून पावले न वाजवता त्याच्या पाठीशी जाऊन उभी राहिली आणि कान दिला.

"सांगितलं ना एकदा," बोधिसत्त्व म्हणत होता, "दोरात पाय घालायचा नाही. मग ओरडत बसतेस."

त्याच्या मांडीपाशी एक कबरी मांजर बसली होती.

सावली थोडी सरकल्यावर त्याने एक दिवा पेटवला, सुंभाला बांधला आणि पेवाच्या तोंडातून हळूहळू खाली सोडला. उत्पला वाकून बघत होती. दिवा अर्ध्यावर गेला, त्याची ज्योत बारीक झाली, निळसर झाली आणि विझली. उत्पलाने छातीवर हात ठेवला. भरल्या दिवसा, कामाच्या आरंभाला दिवा विझला. पण गड्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हते. "अजून नाही," एकजण म्हणाला आणि त्याने भाकरीचे फडके सोडले.

खाऊन झाल्यावर त्यांनी लिंबाचा मोठा डहाळा दोराला बांधून पेवात सोडला आणि ताक घुसळावे तसा वर-खाली केला. पुन्हा दिवा सोडला. या वेळी तो खाली ज्वारीपर्यंत गेला आणि तिथे जाऊन शांतपणे जळत राहिला. त्या उजेडात पिवळी ज्वारी दिसू लागली. मग एका गड्याच्या कमरेला दोर बांधला, दुसरे टोक झाडाला बांधले, आणि तो उतरला. आत असेपर्यंत त्याला गाणे म्हणत राहायचे होते. गाणे थांबले की वरचे ओढणार.

"आजोबा, दिवा विझला तेव्हा तुम्हांला काहीच नाही वाटलं?"

"बरं वाटलं. त्याच्याऐवजी माणूस विझला असता." मग तो सावकाश म्हणाला, "वर्षभर कोंडलेल्या पेवातली हवा दाण्यांच्या उबेने नासते, पोरी. ती जड असते, तळाला बसते. तिथं दिवा जगत नाही आणि माणूसही जगत नाही. दिवा आधी जाऊन सांगतो, एवढंच."

"आणि मंत्र?"

"कसला मंत्र?"

उत्पला सुंभाकडे बघत राहिली. सुंभाच्या टोकाला दिवा, दिव्याला कडी. "आमच्या पेवाच्या दिव्यालाही दोर आहे," ती म्हणाली. "घराच्या त्या टोकाला जाऊन परत येईल इतका लांब. आम्ही त्याला कुंकू लावतो."

बोधिसत्त्वाचे हात थांबले. "मग तुमच्या पणज्या-आज्यांना हे माहीत होतं. मधे कोणीतरी दिवा वर ठेवला. का ठेवला असेल?"

"का?"

"ते मला कसं ठाऊक? ते तुमच्या घरात विचार."

त्या संध्याकाळी तिने सासूला विचारले, पण भद्रा उठून गोठ्यात गेली. नंदकाला सांगितले तेव्हा तो बैलाच्या गळ्याला खाजवत ऐकत राहिला.

"पटतंय मला," तो म्हणाला. "पण सगळ्या गावासमोर मी कसं म्हणू? म्हणतील, सुदासचा भाऊ बायकोच्या पदराआड लपला."

"मागं हटू नका. थोडं थांबा, एवढंच म्हणतेय मी."

"थांबणं आणि हटणं लांबून सारखंच दिसतं गं."

पेव उघडायला थोडे दिवस राहिले असताना गावचा मुख्य, ग्रामणी पिंगळ, म्हातारेकोतारे घेऊन वसुगुप्ताकडे आला. उत्पला अंगणात निवडत होती, तिला सगळे ऐकू आले. पिंगळ म्हणाला, "शेट, लोकांच्या मनात धास्ती बसलीय. पुढच्या वर्षापासून गावाची सगळी ज्वारी तुमच्या पेवांत ठेवू. राखणीचा हिस्सा म्हणून दहातलं एक माप तुमचं."

लोहक कारभाऱ्याचा चेहरा तेलात टाकलेल्या पुरीसारखा फुलला.

"आणि यंदा?" बोधिसत्त्वाने विचारले. "यंदा कोण उतरणार?"

"यंदाची पाळी ठरलीय. ती बदलत नाही."

"मला हिस्सा नको. पेव तुमचं चांगलं आहे, ज्वारी तुमच्याच पेवात ठेवा, फक्त एकात नका ठेवू. आणि उतरण्याआधी दिवा आत सोडा. विझला तर थांबा. यात माझं काही खर्च होत नाही, म्हणून मी काही घेत नाही."

म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. फुकट मिळते त्यात खोट असते असे त्यांना लहानपणापासून माहीत होते. पिंगळ म्हणाला, "भरल्या मुहूर्ताला दिवा हाताने विझवायचा? सबंध गावाचं वर्ष वाईट जाईल. तुमचं तुम्हांला लखलाभ, शेट." आणि ते उठून गेले.

लोहकाने कपाळाला हात लावला. "लक्ष्मी दारात येऊन उभी राहिली, आणि तुम्ही तिला वात कशी वळायची ते शिकवत बसलात."

बोधिसत्त्व म्हणाला, "लोहका, माझं कोठार लोकांच्या भीतीने भरायला लागलं, तर ती भीती कमी व्हावी असं मला कधी वाटेल का?"

 लोहकाला उत्तर येत होते, पण ते बोलण्यासारखे नव्हते.

पेव उघडायचा दिवस उजाडला. वाजंत्री लागली. शिळा सरकली. उत्पलाला तो उबट वास लांबूनच आला. तांदळाच्या राशीवर दिवा ठेवला होता, भोवती दोराचे वेटोळे होते, आणि ज्योत अगदी सरळ, सुंदर जळत होती. भद्राने लेकाला ओवाळले. नंदक पेवाच्या तोंडाशी बसला आणि त्याने पाय आत सोडले.

उत्पला पुढे झाली. मुक्ता तिच्या कडेवर होती आणि आईच्या कानातले ओढत होती.

"मामंजी," ती पिंगळाला म्हणाली, कारण गावातल्या सगळ्या सुना त्याला मामंजी म्हणत, "हा दिवा आधी खाली सोडा. मग माझा नवरा उतरू दे."

वाजंत्री थांबली. कोणीतरी हसले. पिंगळ म्हणाला, "सूनबाई, मुहूर्त टळतोय. पोरीला घेऊन सावलीत बस."

"बसते. दिवा सोडला की बसते."

गर्दीच्या कडेला बोधिसत्त्व उभा होता. त्याला कोणी बोलावले नव्हते. तो म्हणाला, "पिंगळा, थांबल्यामुळे गावाचं यंदा जे नुकसान होईल ते मी माझ्या पेवांतून भरून देईन. सगळी पेवं रिकामी झाली तरी चालतील."

लोहकाने डोळे मिटून घेतले.

लोक कुजबुजू लागले. पण दिवा विझण्याचे भय जागचे हलेना. धान्य भरून देता येते, अपशकुन कसा भरून देणार, असे एक म्हातारी म्हणाली, आणि माना हलल्या.

तेव्हा उत्पला सासूकडे वळली. तिचा आवाज लहान झाला होता. "आत्याबाई, हा दिवा वर कधीपासून ठेवतात? पूर्वी कुठं ठेवत होते?"

भद्रा ताम्हण हातात धरून उभी होती. तिने दोराच्या वेटोळ्याकडे पाहिले. मग ती जणू दुसऱ्याच कोणाला सांगावे तसे बोलू लागली.

"आत सोडायचे. मी नवी नवरी होते. माझ्या सासऱ्यांची पाळी होती. त्यांनी दिवा सोडला आणि तो विझला. तेव्हाचे ग्रामणी म्हणाले, चांगल्या कामाला दिवा विझणं बरं नाही. पुढच्या वर्षीपासून वरच ठेवा, वर विझत नाही." ती थांबली. "त्या दिवशी सासरे उतरले नाहीत. दुसऱ्या दिवशी उतरले. जिते वर आले. मुहूर्त चुकला म्हणून आम्ही सगळे त्यांच्यावर रागावलो होतो."

पिंगळ राशीवरच्या दिव्याकडे बघू लागला.

"सुदासच्या वेळी दिवा छान जळत होता," भद्रा म्हणाली. "तेल मीच घातलं होतं."

लेकाचे नाव तिने इतक्या वर्षांनी घेतले होते. तिने ताम्हण खाली ठेवले. राशीवरचा दिवा उचलला. नंदकाला कोपराने बाजूला सारले, गुडघे टेकून बसली आणि दोर हातातून सोडू लागली. वेटोळे एकेक करून उलगडत गेले. पिंगळ तिला अडवायला पुढे आला होता, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून तोही गुडघ्यांवर बसला आणि आत बघू लागला.

ज्योत खाली गेली. बारीक झाली. निळी झाली. विझली.

खाली नुसता काळोख होता. नंदकाने आत लोंबणारे पाय सावकाश वर ओढून घेतले आणि ते पदराने झाकावेत तसे उपरण्याने झाकले. अपशकुन हा शब्द कोणाच्या तोंडून निघाला नाही.

मग बोधिसत्त्वाने लिंबाचे डहाळे तोडायला सांगितले. पेव मोठे होते, हवा लवकर निवळेना. लोक आळीपाळीने डहाळा घुसळत होते. काहीजण घरी जाऊन जेवून आले. मुक्ता चित्रेच्या मांडीवर झोपली. दुसऱ्यांदा दिवा सोडला तो मिणमिणला आणि विझला. उन्हे उतरली तेव्हा पुन्हा सोडला. तो ज्वारीवर टेकला आणि जळत राहिला.

नंदकाच्या कमरेला दोर बांधला. त्याला एकच गाणे येत होते, मळणीचे, आणि त्यातलीही एकच ओळ. खाली तो ज्वारीच्या पाट्या भरून देऊ लागला आणि ती ओळ पेवातून पुन्हा पुन्हा वर येऊ लागली.

"असला आवाज ऐकून जोगणी कधीच पळाली असेल," चित्रा म्हणाली. पण उत्पलाला जगात दुसरे काही ऐकायचे नव्हते.

मधेच ओळ तुटली.

दोर धरलेल्यांनी ओढायला हात घातले. उत्पला पेवाच्या तोंडाशी धावली. मग खालून नंदकाचा आवाज आला, "ओढू नका, मी ठीक आहे. खालची ज्वारी काळी पडलीय."

पिंपळाचे एक मूळ पेवाच्या कुशीत शिरले होते. त्यावाटे पाणी झिरपून तळाची ज्वारी कुजली होती. गावाचे धान्य एकाच पोटात होते, त्यामुळे कुजले तेही सगळ्या गावाचे कुजले. वरची निम्मी चांगली निघाली. खायला पुरली असती, पण मग पेरायला काही उरले नसते. हे नुकसान थांबल्यामुळे झाले नव्हते, त्यामुळे बोधिसत्त्वाचा शब्द त्याला लागू नव्हता. पिंगळाने ते मानाने बोलूनही दाखवले. तरी बोधिसत्त्वाने उत्तरेचे पेव उघडले आणि घरोघर बियाणे दिले. लोहकाने मोजून दिले आणि दर मापाला एक सुस्कारा सोडला. दहातल्या एका मापाचा विषय पुन्हा कोणी काढला नाही, आणि बोधिसत्त्वाचा व्यापार होता तेवढाच राहिला.

पुढच्या सुगीला लोकांनी लहान लहान पेवे खणली, झाडांपासून दूर, दोन-तीन घरांत मिळून एक. दिवा आत सोडायची रीत सगळीकडे झाली. ओवाळणीही राहिली, ती कोणी सोडली नाही. पाळी मात्र मोडली, कारण आता उतरायला कोणीही तयार असे. उत्पलाचा काळजीचा स्वभाव काही गेला नाही. पण संध्याकाळी ती एकदा घरातून फेरी मारी, विस्तव झाकला का, भांडे आत आहे का, विहिरीच्या काठावर फळी आहे का, ते बघे, आणि मग लेकीला कुशीत घेऊन निजे. सवय लागायला थोडा काळ गेला. लागल्यावर तिचे तिलाच कळेना की पूर्वी आपण जागे राहून नेमके काय करत होतो.

त्या प्रसंगी बोधिसत्त्वाने ही गाथा म्हटली, असे सांगतात:

विझला दिवा, दोष न देई त्याला।
खालचा काळोख आधी त्यानेच पाहिला॥
सुखाच्या दिवशी जो राखतो सवय।
दुःखाच्या दिवशी त्याला थोडेच भय॥

भिक्षूंना आणि उपासकांना ही कथा सांगून शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, पूर्वजन्म आणि हा जन्म जोडून दाखवले. "तेव्हाचा नंदक म्हणजे नावाडी असलेला तो उपासक, जो पूर आलेला दिसला की प्रवाशांना काठावर बसवून ठेवतो. ग्रामणी पिंगळ म्हणजे आपल्यातला तो स्थविर, जो उशिरा ऐकतो पण ऐकल्यावर विसरत नाही. लोहक आजही संघाची चीवरे वाटतो आणि आजही सुस्कारे सोडतो. भद्रा ही ती वृद्ध भिक्षुणी, जिने मुलाच्या शोकातून बाहेर येऊन प्रव्रज्या घेतली. उत्पला म्हणजे ही उपासिका, जी मूल मांडीवर घेऊन सगळ्यांच्या आधी येऊन बसते आणि सगळ्यांच्या शेवटी प्रश्न विचारून जाते. आणि वसुगुप्त मीच होतो."

त्या उपासिकेने त्या दिवशीही हात जोडून विचारले, "भगवन्, आणि ती पेवातली जोगणी कोण होती?"

"तिथे कोणीच नव्हते," शास्ता म्हणाला. "पण दिवा सोडून बघेपर्यंत ती होती."

मग त्याने भिक्षूंना सांगितले की संकट आल्यावर धावणे याला लोक शौर्य म्हणतात, ते असो. पण संकट नसताना, कोणी बघत नसताना, रोजच्या रोज सावध राहणे याला अप्रमाद म्हणतात, आणि त्या जन्मात मी त्याचाच अभ्यास केला होता.